टॉवेल : टिपणारा आणि सुकणारा

मृग लागला की बेळगाव-खानापूरकडील घराघरांत एक किरकोळ दिसणारी अडचण उभी राहते. सकाळचा टॉवेल सायंकाळपर्यंत सुकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच दमट, आंबूस वासाचा टॉवेल अंगास लावावा लागतो. 'चांगला जाड पाहून घेतला, तरी असे का?' असे गृहिणी विचारते. उत्तर त्या जाडपणातच आहे.

टॉवेलाची कामे दोन : अंगावरील पाणी चटकन टिपणे व टिपलेले पाणी चटकन सोडून देणे. टर्किश टॉवेल विणताना उभ्या धाग्यांचा एक संच ताणून धरतात व दुसरा सैल सोडतात; या सैल धाग्यांचे बारीक फासे होतात आणि तेच पाणी शोषून घेतात. परंतु सूत जितके अधिक, तितके पाणीही अधिक काळ अडून राहते. म्हणून चौरस मीटरला सहाशे ग्रॅम वजनाच्या टॉवेलापेक्षा चारशे ग्रॅमचा टॉवेल पावसाळ्यात अधिक उपयोगी पडतो. आणि आपला साधा सुती पंचा त्याहूनही लवकर सुकतो.

नव्या टॉवेलावर खळ व मऊपणासाठी लावलेली द्रव्ये असतात. दोन-तीन धुण्यांनंतरच तो नीट टिपू लागतो. कपडे मऊ करणारी द्रावणे मात्र वर्ज्य करावीत. त्यांचा थर धाग्यावर बसून शोषणशक्ती मंदावते. टॉवेल खुंटीस न अडकविता दोरीवर एकेरी पसरावा.

यात प्रश्न केवळ सोयीचा नाही. सर्वांनी मिळून एकच ओला टॉवेल वापरला, तर एकाचा नायटा किंवा आलेले डोळे घरभर पसरतात. एका जाड टॉवेलाच्या किमतीत बहुधा दोन-तीन पंचे येतात. मग पाहुण्यांसाठी भारी टॉवेल कपाटात जपून ठेवावयाचा आणि आजारी आजीने नातवंडांच्या टॉवेलास तोंड पुसावयाचे, हा कोणता संसार?

योहानकृत शुभवर्तमानात शिष्यांचे पाय पुसण्यासाठी प्रभूने कमरेस गुंडाळलेल्या वस्त्राला मूळ ग्रीक भाषेत 'लेन्तिओन', म्हणजे जवसधाग्याचे कापड, असे म्हटले आहे. हे कापड पाणी टिपते आणि लवकर सुकतेही. ते मिरविण्याचे नव्हे, सेवेचे वस्त्र होते. पाऊस सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येकास, विशेषतः वृद्धांस व आजाऱ्यांस, स्वतःचा एक कोरडा पंचा मिळेल एवढी तजवीज प्रत्येक कुटुंबाने अवश्य करावी.