गार इंजिनाचं दुखणं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन गरम झाल्याची तक्रार रोजचीच. बॉनेटमधून वाफ निघाली की गाडीवाला आपणहून गॅरेज गाठतो. इंजिन गार राहतंय म्हणून मात्र कुणी येत नाही. आलाच तर 'ॲव्हरेज पडलंय' एवढंच सांगतो, आणि तापमानाचा काटा खाली आहे म्हणून निर्धास्त असतो.

या गावाला हे दुखणं नवं नाही. इथल्या फौंड्र्यांनी आणि लेथवाल्यांनी शेतीपंपांची ऑईल इंजिनं घडवली. अनेक ठिकाणी उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी नळीनं इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवत. सोय फुकटची, पण विहिरीचं पाणी इंजिनाला सोसण्यापेक्षा गार. सिलिंडर थंड राहिला की डिझेल उशिरा पेट घेतं, इंजिन ठोकतं, पांढरा धूर सोडतं. जाणता मेस्त्री कॉक आवळून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचा. हाताला जेमतेम सोसेल इतकं ऊन पाणी आलं की कॉक तिथंच ठेवायचा.

मोटारीत हे काम थर्मोस्टॅट करतो. मुठीत मावणारी वस्तू. तिच्या छोट्या डबीत तांब्याची भुकटी मिसळलेलं मेण असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास, मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की स्प्रिंग झडप मिटवते. ना वायर, ना बॅटरी. मला ही मोटारीतल्या सर्वात सुंदर वस्तूंपैकी एक वाटते.

झडप उघडी अडकली की इंजिन तापायला फार वेळ घेतं. सिलिंडरच्या गार भिंतीवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते तेलाचा थर धुऊन खाली ऑईल चेंबरमध्ये उतरतं. ज्वलनातल्या वाफेचं आतच पाणी होतं, त्यात आम्ल मिसळतं आणि सिलिंडर, रिंगा झिजतात. कॉम्प्युटर इंजिन अजून थंड आहे असं समजून जादा पेट्रोल पाठवत राहतो.

निदान करताना पहिला संशय काट्यावर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीला स्कॅनर लावला तर पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसलं पाहिजे. तिथंच फरक असेल तर दोष सेन्सरचा. आकडा बरोबर असेल तर गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपवर हात ठेवावा, पंख्याच्या पात्यांपासून बोटं जपून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी तापतो. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडीच आहे. बहुतेक गाड्यांत पी०१२८ हा कोडही याच दिशेला बोट दाखवतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचललेला असतो. तेव्हा काटा भराभर खाली आला तर शंका उरत नाही.

पुष्कळांचा रोख पंख्यावर असतो. रिले चिकटून पंखा सतत फिरतो हे खरं, पण थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिन त्यानं सहसा गारठत नाही. रेडिएटरची वाटच थर्मोस्टॅट मिटवून टाकतो.

खरं नुकसान होतं ते 'काढून टाक' या सल्ल्यानं. आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला, असं म्हणत गरम होणाऱ्या गाडीतून तो काढला जातो आणि मूळ कारण, चोंदलेला रेडिएटर किंवा गळका पंप, तसंच राहतं. काही इंजिनांत तर हीच झडप बायपासची वाटही बंद करते. ती काढली की पाणी रेडिएटर चुकवून इंजिनातच घुटमळतं. अशी गाडी सपाटीला गार आणि आंबा घाट चढताना गरम. हा सल्ला मेस्त्रींनी सोडूनच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

तपासण्यासाठी काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात दोरीनं टांगावा, थर्मामीटर सोडावा आणि पाणी तापवावं. गार पाण्यातच फट दिसली तर तो बाद. नवाही असाच तपासून, कंपनीच्या मूळ अंशांचाच घ्यावा, आणि हवेची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवावा. इंजिन महिनोन्महिने गार चाललं असेल तर तेल आणि फिल्टरही त्याच वेळी बदलावेत, कारण त्या तेलात पेट्रोल उतरलेलं असण्याचा संभव असतो.