शरीर-परिचय, लेखांक ११ : मानेवरची गाठ

गेल्या आठवड्यात घशाच्या विकारांचा विचार झाला; त्याच ओघात आज घशाच्या बाहेरच्या अंगाकडे, म्हणजे दाढी करताना अथवा पोत सारखी करताना बोटांना अकस्मात लागणाऱ्या गाठीकडे वळावयाचे आहे. अशी गाठ लागली की घरातली मंडळी पहिला प्रश्न करतात तो ‘दुखते का?’ हा, आणि दुखत नाही असे उत्तर मिळताच सगळे निर्धास्त होतात. मानेच्या गाठींविषयी याहून घातक समजूत माझ्या पाहण्यात नाही.

एकट्या मानेत सुमारे ३०० लसिकाग्रंथी आहेत, आणि जुन्या अमदानीतल्या ठाण्यांप्रमाणे प्रत्येकीची हद्द ठरलेली आहे : मानेच्या मागच्या बाजूस डोक्याच्या कातडीची, जबड्याखाली दात, हिरड्या व जीभ यांची, जबड्याच्या कोनाशी टॉन्सिलची. ज्या मुलुखात बंडाळी होते तिची वर्दी त्या त्या ठाण्यावर पोचते. म्हणूनच उवांनी खाजवून पोराच्या डोक्यात खवडे झाले की मानेमागे हरभऱ्याएवढ्या गाठी येतात, आणि दाढ किडली की जबड्याखाली अवधाण येते. ही गाठ बहुधा मऊ, बोटाखाली सरकणारी व दाबल्यास दुखणारी असते, आणि मूळ दुखणे बरे झाले की दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते. तिचे दुखणे हे तिच्या साळसूदपणाचेच लक्षण म्हणावे. मात्र जबड्याखालची सूज झपाट्याने वाढून जीभ वर उचलली जाऊ लागली, किंवा श्वास कोंडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

याउलट जी गाठ टणक आहे, खालच्या मांसाला चिकटून बसली आहे, तीन आठवडे उलटूनही कमी होत नाही, किंवा हसळीच्या हाडावरच्या खळग्यात उद्भवली आहे, ती दुखो वा न दुखो, डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. चाळिशी ओलांडलेल्या आणि तंबाखू-चुना, मशेरी वा विडी यांच्या आहारी गेलेल्या मनुष्याने तर विलंब लावूच नये. कारण जिभेच्या मुळाशी किंवा घशाच्या तळाशी दडलेला कर्करोग स्वतः मुळीच त्रास न देता आपली पहिली खबर कित्येकदा मानेतल्या गाठीवाटे देतो. सोबत आवाज बसला असेल, घास अडकत असेल, अथवा कान निरोगी असून एकाच कानात सणक येत असेल, तर संशय दुणावतो. आवंढा गिळताना गाठ वर-खाली होत असेल, तर ती बहुधा अवटुग्रंथीची असते. तिचा परामर्श पुढे स्वतंत्रपणे घेऊ.

आपल्या देशात मानेच्या चिवट गाठींमागे क्षय हे फार मोठे कारण आहे. हीच ती गंडमाळ. इंग्लंडात राजाच्या हस्तस्पर्शाने ती बरी होते अशी श्रद्धा होती. बालवयातल्या सॅम्युएल जॉन्सनला १७१२ साली ॲन राणीपुढे नेण्यात आले, परंतु गुण काही आला नाही. आपल्याकडे बिब्बा घालणे आणि डाग देणे चाले, अजूनही क्वचित चालते. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखविल्यानंतर या सर्व उपचारांची सद्दी संपावयास हवी होती. आज सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि साधारणतः सहा महिने घ्यावे लागते. उपचार योग्य चालू असतानाही मध्येच गाठ फुगते किंवा नवी येते. तेवढ्यावरून औषध निष्फळ ठरले असे समजून ते परस्पर बंद करू नये.

निदानासाठी बारीक सुईने गाठीतला अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हा लोकप्रवाद निराधार आहे. उलट तोंड व घसा नीट न तपासता आधी गाठच कापून काढण्याची घाई कर्करोगाच्या पुढील उपचारात अडचण करून ठेवते. आणि गाठ काढावीच लागली, तर तिचा एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न टाकता क्षयाच्या तपासणीसाठी सलाईनमध्ये वेगळा पाठविण्याची विनंती शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी. कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, आणि मग ते वाढवून कोणते औषध त्यांना लागू पडते हे पाहण्याची सोय राहत नाही.