टॅटूच्या आधीचा आठवडा

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून दिलाय.

माझा पहिला टॅटू मी आषाढी एकादशीला काढायचा ठरवला. मनगटावर ‘विठ्ठल’. उपवास होता, सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा. वेलांटीसकट ‘वि’ झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा पाय उशीवर होते आणि हातावर नुसता ‘वि’.

आजीच्या हातावर गोंदण आहे. ती म्हणाली, “मला गोंदायला बसवलं तेव्हा आईने आधी पोटभर भाकरी घातली होती. तू एवढा शिकलास, पण खाऊन गेला नाहीस?”

आजी बरोबर होती. वेदना आणि भीतीने रक्तदाब अचानक खाली येतो. त्यात पोट रिकामं, पाणी कमी, झोप अर्धवट असेल तर चक्कर यायला वेळ लागत नाही. म्हणून आदल्या रात्री नीट झोपा, निघायच्या एक-दोन तास आधी व्यवस्थित जेवा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. निदान २४ तास आधीपासून दारू बंद. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त जास्त येऊ शकतं. पण डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका, आधी त्यांना विचारा.

आता त्वचा. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाते. वरची त्वचा कोरडी, सोललेली किंवा उन्हाने भाजलेली असेल तर काम नीट होत नाही आणि जखम भरायलाही त्रास होतो. आठवडाभर रोज साधं मॉइश्चरायझर लावा, ऊन टाळा. त्या दिवशी मात्र जागा धुवून कोरडी ठेवा, काहीही लावू नका. केस घरी काढायला जाऊ नका, रेझरचे बारीक काप राहतात. बधिर करणारं क्रीमही आर्टिस्टला न विचारता नको.

मधुमेह असेल, जखमेचा वण जाड गाठीसारखा वाढत असेल, एक्झिमा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि आर्टिस्टपासूनही लपवू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात. त्यामुळे सीलबंद सुई तुमच्यासमोरच उघडायला सांगा. यात लाजायचं काय? हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तीही वेळेत घ्या, तिचे डोस काही महिन्यांत पूर्ण होतात.

आणखी एक. टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही. करायचं असेल तर आधीच करा, पण आदल्या दिवशी नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताप असेल, त्या जागी पुरळ किंवा जखम असेल तर तारीख पुढे ढकला. अ‍ॅडव्हान्स बुडेल म्हणून आजारपण अंगावर काढून जाऊ नका. हजार-दोन हजार परत कमावता येतात, चिघळलेल्या टॅटूचा वण मात्र कायमचा.

माझा उरलेला ‘ठ्ठल’ महिन्याभराने झाला. त्या दिवशी आजीने स्वतः भाकरी वाढली आणि दुसरी संपेपर्यंत मला ताटावरून उठू दिलं नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!