मांडीवरचे वाचन आणि मेंदूची जडणघडण

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पालकांचे प्रश्न बहुधा वजन, ताप, लस आणि खाणे यांभोवती फिरतात. आपल्या वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांत मात्र आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "मूल इंग्रजी शाळेत जाणार आहे; घरी मराठी गोष्टी वाचून दाखवल्या तर त्याचा गोंधळ तर होणार नाही ना?" येथे तीन-चार पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या समाजात मुलाच्या कानावर अंगणात गुजराती, पडद्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी पडते. तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मेंदूच्या घडणीत सापडते.

वाचणारा मेंदू कसा घडतो?

जन्मतः मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. पाच-सहा वर्षांपर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या घरात पोहोचते. या काळात मज्जापेशींतील जोडण्या विपुल प्रमाणात निर्माण होतात. ज्या वापरात येतात त्या दृढ होतात आणि ज्या येत नाहीत त्या हळूहळू गळून पडतात.

बोलणे शिकण्याची सिद्धता मूल जन्मासोबत घेऊन येते. वाचनाची मात्र नाही. लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा, आणि उत्क्रांतीच्या हिशेबाने हा काळ नगण्य होय. म्हणून मेंदू जुनीच यंत्रणा नव्या कामास जुंपतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दिआन यांच्या संशोधनानुसार, वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या डाव्या मेंदूच्या मागील-खालच्या भागातील एक लहानसा प्रदेश अक्षरे ओळखण्यात तरबेज होतो आणि ध्वनी, उच्चार व अर्थ यांच्या केंद्रांशी जोडला जातो. लिपी रोमन असो वा देवनागरी, हा प्रदेश जवळपास तोच असतो.

यातील मर्म असे, की अक्षरांना जोडून घेण्यासाठी पलीकडे शब्द आधीच हजर असावे लागतात. मुलाने अक्षरे जुळवून 'पाणवठा' असा उच्चार केला, पण तो शब्द कधी कानावरच पडलेला नसेल, तर अर्थाचा दिवा लागत नाही. म्हणजेच वाचनाची पूर्वतयारी पाटीपेन्सिलीने नव्हे, तर कानाने होते.

पुस्तक वेगळे काय देते?

घरातील रोजचे बोलणे आवश्यक खरे, परंतु त्याचा परीघ लहान असतो. 'जेव', 'झोप', 'बूट घाल' यांत दिवस सरतो. हेज आणि आरेन्स या अभ्यासकांनी १९८८ साली दाखवून दिले, की सुशिक्षित प्रौढांच्या आपसांतील गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत कमी प्रचारातील शब्दांचे प्रमाण अधिक असते. 'घनदाट', 'कुरबुर', 'खजील' हे शब्द मुलाला बहुधा गोष्टीतच भेटतात. त्यातही 'खजील' हा शब्द केवळ शब्दसंग्रहात भर घालीत नाही; दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करण्यास तो शिकवतो. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, आधीचे प्रसंग ध्यानात ठेवणे, कार्यकारणसंबंध जोडणे हा बुद्धीचा व्यायाम गोष्ट ऐकताना आपसूक घडतो.

जॉन हटन व सहकाऱ्यांनी २०१५ साली तीन ते पाच वर्षांच्या १९ मुलांच्या मेंदूचे, ती गोष्ट ऐकत असताना, चित्रण केले. ज्यांच्या घरी वाचनाचा सराव अधिक होता, त्यांच्यात अर्थ लावणारी व कल्पनाचित्र उभे करणारी केंद्रे अधिक कार्यरत दिसली. अभ्यास लहान आहे आणि तो कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही. तथापि त्याचा रोख उपरोक्त विवेचनाशी सुसंगत आहे.

पडदा का पुरत नाही?

पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून मँडरिन चिनी भाषकांनी पुस्तके वाचली, खेळणी दाखवली. बारा बैठकांनंतर ती बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू लागली. तेच पडद्यावरून दाखवले किंवा नुसते ऐकवले, तेव्हा लाभ दिसला नाही. बाळ यंत्राकडून नव्हे, माणसाकडून शिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक नको. बैठ्या वेळेत मुलाला वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असेही त्या सूचना सांगतात.

मग मराठी का?

कारण आईवडील, आजीआजोबा ज्या भाषेत सहज हसतात, रागावतात, लाड करतात, त्याच भाषेत ते समृद्धपणे वाचू व बोलू शकतात. इंग्रजी सुधारावी म्हणून घरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे पालक मुलाला धड एकही भाषा देत नाहीत. एका भाषेत मिळालेली गोष्टीची जाण, संकल्पना आणि ध्वनींचे भान दुसऱ्या भाषेच्या वाचनात कामी येते. द्विभाषिक मूल कधी दोन भाषांतील शब्द मिसळून बोलते. तो दोष नव्हे. दोन भाषांमुळे वाचादोष उद्भवत नाही. मात्र दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'भाषांचा गोंधळ' म्हणून थांबू नये. श्रवणचाचणी व विकासतपासणी करून घ्यावी. शाळकरी मूल प्रयत्न करूनही वाचनात अडखळत असेल, तर त्यास आळशी न म्हणता अध्ययन-अक्षमतेची तपासणी करावी. पुस्तक हे अशा विकारांवरील औषध नव्हे.

कसे वाचावे?

सहा महिन्यांच्या बाळालाही मांडीवर घेऊन चित्रे दाखवावीत. ते पुस्तक चावेल, चावू द्यावे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला "हे काय?" विचारावे, त्याच्या उत्तरात एक शब्द आपण जोडावा. तीन वर्षांनंतर "तिने असे का केले असेल?" असा प्रश्न करावा. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नये, कारण पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात. रोज पंधरा मिनिटे पुरेत. मूल स्वतः वाचू लागले तरी वाचून दाखवणे थांबवू नये. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आणि १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक आपल्या हाताशी आहेत. गुजराती वाचणाऱ्या मुलाला देवनागरी परकी वाटत नाही, कारण बरीच अक्षरे शिरोरेघेचाच काय तो फरक सांगतात.

आपले काम

१९८९ साली बॉस्टनमधील एका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीस आलेल्या मुलांना पुस्तके देण्यास आरंभ केला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने शैशवापासून वाचून दाखवण्याचा सल्ला देणे हा नियमित तपासणीचा भाग ठरवला. लसीकरणासाठी तेच मूल आपल्याकडे पाच वर्षांत अनेकदा येते. त्या प्रत्येक भेटीत एक मिनिट याकरिता द्यावे आणि प्रतीक्षाकक्षात चार मराठी चित्रपुस्तके ठेवावीत, एवढे कोणत्याही सभासदास शक्य आहे.

या नगरीला तर त्याचा वारसाच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पेट्यांतून पुस्तके गावोगाव पाठवली. पुस्तक वाचकाच्या दारी नेण्याचे ते काम आता घराच्या उंबऱ्याच्या आत, आजोबांच्या मांडीपर्यंत नेणे आपल्या हाती आहे. त्यासाठी ना अनुदान लागते, ना उपकरण. केवळ पंधरा मिनिटे आणि आपली भाषा.