सात-बारावरील कलम ४३ चा शेरा



१ एप्रिल १९५७, कृषकदिन. पश्चिम महाराष्ट्रातली कसणारी कुळे त्या दिवशी कायद्याने मालक ठरली. मालक विधवा वा अज्ञान असेल तिथे मात्र तारीख लांबली. पुढे किंमत भरून ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले, तरी इतर हक्कात ‘कलम ४३’ चा शेरा राहिला. जमीन विकायची झाली की परवानगी, अन् परवानगी म्हणजे किती हेलपाटे, ते आम्ही सांगायला नको!

खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीने ही पूर्वपरवानगी उठली आहे. आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरावा लागतो. आकार पाच रुपये, तर नजराणा दोनशे. एवढ्यासाठी एजंटाच्या हाती हजारो रुपये देऊ नका. घेणारा मात्र शेतकरीच लागतो.