समुद्राचे वेळापत्रक

मुलांनो, अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. तरी ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. मात्र किल्ल्यात रमून बसलात, तर भरती येते आणि परतीची वाट बुडते. समुद्राशी खेळ बरा नव्हे. रायगड जिल्ह्यातच मुरूडला फेब्रुवारी २०१६ मध्ये सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले.

भरतीनंतर सुमारे ६ तासांनी ओहोटी होते. हे सारे चंद्रामुळे घडते. ईदचा चांद शोधणाऱ्या तुम्हांला चंद्रावरून दिवस मोजणे नवे नाही! भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून कोकणात तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३. म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती, ९ वाजता पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचे. हा हिशेब अंदाजाचा; नेमकी वेळ किनाऱ्यावरचे कोळी सांगतात.