दापोडे ते बॅलार्ड पिअर : क्रूझचा पहिला टप्पा रस्त्यावरचा

भिवंडीजवळच्या दापोड्यात समुद्र रोज येतो, तो ट्रकमधून. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर माणकोली नाक्याला वळतो, गोदामाच्या फलाटाला पाठ लावून उभा राहतो, ड्रायव्हर खाली उतरून चहाच्या टपरीकडे जातो आणि सील तोडायला सुपरवायझर येतो. दार उघडलं की आतून बंद हवेचा, पुठ्ठ्याचा वास येतो. चार आठवडे बोटीवर हेलकावे खाऊन आलेले खोके हमाल तासा-दोन तासांत आत रचून टाकतात. दापोडे, वळ, गुंदवली, माणकोली, पूर्णा, काल्हेर हा सगळा पट्टा असा बंदराला बांधलेला आहे. आजवर इथून बंदराशी व्यवहार होता तो मालाचा. आता माणसंही बॅगा भरून बंदराकडे निघू लागली आहेत, दोन-तीन रात्रींच्या क्रूझसाठी.

यात नवल वाटण्यासारखं फारसं नाही. गोदामं इथे उभी राहिली ती मुंबईच्या जकातीमुळे. माल महापालिकेच्या हद्दीत शिरला की जकात लागायची, म्हणून तो नाक्याबाहेर ग्रामपंचायतींच्या हद्दीत ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा तो हिशेब होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण तोवर पट्टा इतका पसरला होता की गोदामं हलली नाहीत, उलट ई-कॉमर्समुळे आणखी वाढली. भाताची खाचरं गेलेल्या आगरी घरांत भाड्याचं उत्पन्न आलं, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या वाढल्या. केरळ झालं, काश्मीर झालं, दुबई झाली; पुढचा नंबर बोटीचा लागणारच होता.

शिवाय खाडीकाठच्या माणसाला बोट परकी कधीच नव्हती. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि याच खाडीच्या आसऱ्याने मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबतं बांधली जाऊ लागली. आज कामवारी नदीचं पात्र पाहून यावर विश्वास बसत नाही, पण भिवंडी हे कधीकाळी बंदर होतं.

आता रस्त्याकडे वळू, कारण दापोडेकरासाठी क्रूझचा सगळ्यात खडतर भाग तोच आहे. क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पहाटे मोकळ्या रस्त्याने सव्वा तासात माणूस पोहोचतो. पण क्रूझ पहाटे सुटत नाही. प्रवाशांना बोलावतात ते दुपारच्या सुमारास, बोट सुटते संध्याकाळी. आणि ठाण्यातून अवजड वाहनांना जी सूट मिळते, तिच्यात दुपारचे काही तास बहुधा असतातच. वेळापत्रक पोलीस अधूनमधून बदलतात, पण ड्रायव्हर लोकांच्या भाषेत ‘नो एन्ट्री सुटली’ की माणकोलीपासून खारेगावपर्यंत काय होतं, ते इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. कडेला थांबवून ठेवलेले ट्रक, ट्रेलर एकाच वेळी अंगात आल्यासारखे निघतात. त्यात वडपे ते माजिवडा रस्ता रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. म्हणजे तुमची बोर्डिंगची वेळ आणि ट्रकांची सुटायची वेळ एकच. क्रूझच्या जाहिरातीत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरा रस्ता काल्हेर, कशेळी पूल, बाळकुमवरून कापूरबावडीला निघतो. नकाशावर तो बरा वाटतो. तिथे मेट्रो पाचच्या खांबांनी रस्त्याची काय गत केली, हे रोज जाणाऱ्यांना विचारा. मेट्रो होईल तेव्हा होईल, सध्या माणकोलीचाच रस्ता धरा आणि ट्रक सुटायच्या आत माजिवडा पार करा. पुढे पूर्व द्रुतगती महामार्ग. मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल नाही, तरी गाड्या तिथे सवयीने मंदावतात. छेडानगरला डावीकडे घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड घेतला की पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे आपला फ्रीवे. २०१३ साली सुरू झालेल्या या रस्त्यावर ट्रकांना आणि दुचाकींना बंदी आहे. भिवंडीहून आलेल्या माणसाला एकही ट्रक नसलेला रस्ता पाहून क्षणभर चुकल्यासारखं होतं.

फ्रीवेवरून शिवडीपाशी डावीकडे अटल सेतू समुद्रात शिरताना दिसतो आणि ऑरेंज गेटला आपण खाली उतरतो. मुंबईच्या गोदीच्या दरवाजांना अशी रंगांची नावं आहेत : ऑरेंज गेट, यलो गेट, रेड गेट, ग्रीन गेट. यलो गेटच्या नावाचं तर पोलीस ठाणंही आहे. इथून पी. डिमेलो रोडने बॅलार्ड पिअर जवळच, पण मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याच्या कामामुळे ऑरेंज गेटपाशीही हातात वेळ असलेला बरा.

स्वतःची गाडी न्यावी का? माझं मत : नेऊ नये. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलच्या वाहनतळात तीनशेहून थोड्या जास्त गाड्या राहतात आणि एका बोटीत माणसं मावतात हजार-दीड हजारांच्या वर. गणित सरळ आहे. घरातल्या कुणाला तरी सोडायला सांगा, नाही तर भाड्याची गाडी करा. बॅगा कमी असतील तर लोकलइतकं भरवशाचं काही नाही. ठाण्यापर्यंत रिक्षा, किंवा माणकोली-मोटागाव पुलावरून दहा-पंधरा मिनिटांत डोंबिवली, तिथून जलद गाडीने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सीने दीड-दोन किलोमीटर.

बॅलार्ड पिअरला मुंबई विसरून गेली होती, असं म्हटलं तर चालेल. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांच्या नावाचा हा धक्का. गोदी खणताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून शेजारची बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, तिच्या इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. धक्क्यावर तेव्हा रेल्वे स्टेशन होतं. विलायतेची टपाल आणि साहेब बोटीतून उतरून थेट गाडीत बसत आणि पेशावरकडे रवाना होत. १९३१ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ‘मुलतान’ बोटीने आणि महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने याच बंदरातून निघाले, दोघांमध्ये दोन आठवड्यांचं अंतर होतं. विमानं आली आणि धक्का ओस पडला.

नव्या क्रूझ टर्मिनलची कोनशिला जानेवारी २०१८ मध्ये बसली. पूर्ण व्हायला सात वर्षं गेली. २०२५ मध्ये ते सुरू झालं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. खर्च ५५६ कोटी रुपये, जागा ४ लाख १५ हजार चौरस फूट, तपासणी आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, वर्षाला १० लाख प्रवासी हाताळायची क्षमता. क्षमता आहे, बोटी मात्र मोजक्या. आपल्याकडे क्रूझचा धंदा येतो आणि जातो, हा आजवरचा अनुभव. सुपरस्टार लिब्रा आली, गेली. कोस्टाच्या बोटी आल्या, गेल्या, परत आल्या. २०१९ मध्ये गाजावाजा करून आलेली ‘कर्णिका’ पुढच्याच वर्षी अलंगला भंगारात गेली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेली ‘आंग्रिया’ करोनाने थांबली. सप्टेंबर २०२१ पासून टिकून राहिली ती कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’. तीही नवी नव्हे. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, आधी कॅरिबियन समुद्रात फिरलेली बोट, लांबी २११ मीटर. ती ४८ हजार टनांची आहे असं कुणी सांगितलं तर ते वजन समजू नका. बोटीचं ‘ग्रॉस टनेज’ हे तिच्या आतल्या जागेचं माप असतं.

टर्मिनलमध्ये गेल्यावर पहिलं काम बॅगेला टॅग लावून ती सोपवायची. ती क्ष-किरण तपासणीतून जाते आणि खोलीच्या दाराशी येते, पण बऱ्याचदा संध्याकाळीच. म्हणून औषधं, मुलांचे कपडे, ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. देशांतर्गत फेरीला आधार चालतं, श्रीलंकेला जाणारी फेरी असेल तर पासपोर्ट लागतो. घरचे डबे, दारू, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड हे तपासणीत अडकतं. आगीची भीती बोटीवर सगळ्यात मोठी असते, म्हणून इस्त्रीला तिथे थारा नाही. जेवणाची चिंता नको, जैन जेवणसुद्धा मिळतं. जाहिरातीतल्या किमतीत बंदर शुल्क, जीएसटी आणि नोकरवर्गाची बक्षिसी बहुधा धरलेली नसते, ती बेरीज बुकिंगच्या वेळीच करून घ्या. आणि बोट निघाली की फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनाऱ्याची रेंज गेल्यावर तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, आणि त्या रोमिंगचं बिल घरी आल्यावर कळतं.

खोली घेताना बाल्कनीच्या मोहात पडण्याआधी एक लक्षात घ्या. बोट झोपाळ्यासारखी हलते, टोकांना जास्त, मध्यावर कमी. कशेडी घाटात ज्यांना ओकाऱ्या होतात त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधली खोली घ्यावी. अवोमिन डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी.

मग सरावाचा भोंगा वाजतो. सात आखूड, एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जॅकेट कसं बांधायचं ते पाहायचं, आपली जीवनौका कुठली ते समजून घ्यायचं. लोक सेल्फी काढत, चिप्स खात हे उरकतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव व्हायचाच होता, कारण चोवीस तासांत केव्हाही केला तरी तेव्हाच्या नियमात बसत होतं. १ जानेवारी २०१५ पासून तो बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं जगभर बंधनकारक झालं. मराठी माणसाला यासाठी इटलीपर्यंत जायला नको. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. कितीतरी कोकणी घरांत त्या दिवसाची आठवण आजही निघते.

बोट बाहेर काढतो तो तिचा कॅप्टन एकटा नव्हे. मुंबई बंदराचा पायलट चढतो, कारण इथली भरती-ओहोटी आणि खणून राखलेला जलमार्ग त्याला ठाऊक. धक्का सुटला की उजवीकडे नौदलाची गोदी, मग गेटवे, ताज, कुलाबा. डावीकडे जवाहर द्वीप, त्यामागे घारापुरी. या वेळी डेकवरच थांबा, स्वागताचा नाच नंतरही असतो. शेवटी उजवीकडे प्रॉन्ग्सचं दीपगृह आणि डावीकडे दूर खांदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही तो रोखायला धावून आले होते. दोघांनाही ते जमलं नाही.

इथून पुढे मात्र अंधार, आणि माझी तक्रार इथेच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या वाटेवर आहेत. गोव्याला जाणारी क्रूझ यांतल्या एकापाशीही थांबत नाही, रात्रीतून लांबून निघून जाते. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन, चौगुले, मोगल लाइन यांच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असं थांबत जायच्या. धक्का नसेल तिथे पडाव बोटीला येऊन लागायचा आणि बायकामुलं ट्रंकांसकट त्यात उतरायची. हाल होते, पण कोकण दिसत होतं. आज मोठी बोट लागेल आणि पर्यटक उतरतील असा धक्का कोकणात करायला हवा. मुंबईतल्या टर्मिनलवर ५५६ कोटी घालणाऱ्यांनी मालवण-विजयदुर्गाकडेही पाहावं.

तारीख ठरवताना ऑक्टोबर ते मे हेच महिने धरा. नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की अरबी समुद्र खवळतो, मांडव्याच्या लाँचही बंद असतात आणि ‘एम्प्रेस’ पावसाळ्यात चेन्नईकडे वळते, कारण त्या किनाऱ्याला या पावसाचा मारा कमी. नवख्यांनी आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने जाऊन यावं. तासाभराचा प्रवास, गाडीही बोटीत जाते, आणि पोटाला बोट झेपते का ते स्वस्तात कळतं.

आणि बुकिंगवर जी वेळ छापलेली असेल, तिच्या तीन तास आधी दापोडे सोडा. लोकलने जायचं आणि रविवार असेल तर आदल्या रात्रीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक पाहून ठेवा. बोट कुणासाठी थांबत नाही.